मन विद्यार्थ्याचे तपासता, कॉलेजचे कोण तपासणार?

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या आठवड्यात इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंगच्या कॉलेजांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. सभागृहात फ्लेक्स लागतो, दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते आणि मग 'ताणतणावाचे व्यवस्थापन' या विषयावर तासभर व्याख्यान. सकारात्मक विचार करा, पहाटे उठा, मोबाईल बाजूला ठेवा, श्वासावर लक्ष द्या. शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतात, फोटो काढतात आणि तो फोटो नॅकच्या फाईलला लागतो.

व्याख्यात्याशी माझे भांडण नाही. बिचारा बोलावले म्हणून येतो. माझा आक्षेप असा आहे की त्या तासाभरात समोर बसलेल्या पोरापोरींच्या डोक्यात एकच गोष्ट भरवली जाते : बिघाड तुझ्यात आहे. तुझे मन कमकुवत, तुझी झोप कमी, तुझे विचार नकारात्मक. कॉलेजात काही बिघडले आहे का, हे तिथे कुणी विचारत नाही. विचारणार तरी कोण? अध्यक्षस्थानी प्राचार्यच असतात.

आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. २०२३ साली १३,८९२. दोन्ही वर्षी राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला. २०२२ मध्ये १,७६४ आणि २०२३ मध्ये २,०४६. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणून प्रत्येक भाषणाची सुरुवात करणाऱ्या पुढाऱ्यांनी हा पहिला नंबरही एकदा माईकवरून सांगावा. या तक्त्यांत विद्यार्थ्याची जात मात्र सापडत नाही. ज्या देशात शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या जाहिरातीपर्यंत जात लिहिली जाते, तिथे मेलेल्या विद्यार्थ्याच्या रकान्यात ती बरोबर गायब होते.

शेतकऱ्याने आत्महत्या केली की आपण काय विचारतो? कर्ज किती होते, कांद्याला भाव किती मिळाला, पाणी होते का. सोलापूरच्या मार्केट यार्डात उभे राहून कुणी म्हणाले की शेतकऱ्यांनी सकारात्मक विचार करायला हवा होता, तर लोक त्याला तिथून हाकलून देतील. बरोबरच आहे. मग विद्यार्थ्याच्या बाबतीत हाच शहाणपणा कुठे जातो? त्याच्यावरचे कर्ज, त्याला मिळालेली वागणूक, त्याची अडकलेली शिष्यवृत्ती हे प्रश्न मागे पडतात आणि 'मुलगा थोडा हळवा होता' एवढ्यावर फाईल बंद होते.

समाजशास्त्र शिकलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. एमिल दुर्खिम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली अख्खे पुस्तक लिहून दाखवून दिले की आत्महत्या ही वरून कितीही खाजगी दिसली तरी तिची कारणे समाजाच्या रचनेत शोधावी लागतात. एम.ए.ला असताना आम्ही त्याचे प्रकार पाठ केले होते. त्यातला एक प्रकार म्हणजे ज्या माणसावर बंधने इतकी लादली जातात की त्याला पुढे वाटच दिसत नाही, त्याची आत्महत्या. दुर्खिमने या प्रकाराला पुस्तकात फक्त एका तळटीपेत जागा दिली. त्याच्या युरोपात त्याला त्याची उदाहरणे फारशी दिसली नसावीत. आपल्याकडे त्या तळटीपेची प्रकरणे होतील.

पायल तडवीचे नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्रात या विषयावर बोलताच येत नाही. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. एमबीबीएस करून ती मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोग विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाला आली. २२ मे २०१९ रोजी ती गेली. वय २६. तिच्या तीन वरिष्ठ डॉक्टरांवर छळाचा आणि जातीवरून अपमानाचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे, तिथला निकाल मी इथे देणार नाही. पण त्या वेळी जे बोलले गेले ते आठवते का? 'रेसिडेन्सीचे काम असतेच तसे, तिला झेपले नाही.' एमबीबीएसचा डोंगर चढून, डॉक्टर होऊन आलेली मुलगी, तिला काम झेपत नव्हते म्हणे! तिची आई आबेदा तडवी सांगतात की लेकीचा छळ त्यांना दिसत होता आणि त्यांनी तो विभागाच्या कानावर घातला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी डॉक्टरांना आपले शिक्षण पूर्ण करायला परवानगी दिली. दोष सिद्ध होण्याआधी कुणाचे शिक्षण थांबू नये, हे तत्त्व मलाही मान्य आहे. पायलचे शिक्षण थांबू नये म्हणून वेळेवर कोण धावले, एवढेच विचारते.

मुंबईच्याच आयआयटीत २०१४ साली अनिकेत अंभोरे गेला. समिती नेमली, तिचा अहवाल जाहीर झाला नाही. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोळंकी गेला. अहमदाबादचा, केमिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा, येऊन चार महिनेही झाले नव्हते. पुन्हा समिती. तिला थेट जातिभेदाचा ठोस पुरावा मिळाला नाही आणि अभ्यासातली घसरण मात्र दिसली. घसरणीचे कारण काय, हा पुढचा प्रश्न होता. समिती तिथे थांबली. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच संस्थेने विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या की एकमेकांना जेईईची रँक विचारू नका. रँक विचारणे म्हणजे जात विचारणे, हे संस्थेला माहीत होते तर!

आपल्याकडे रँकच्या जागी पर्सेंटाइल असते. सीईटीला किती, कोणत्या राऊंडला नंबर लागला, कॅटेगरी कोणती. ओळख व्हायच्या आत हे तीन प्रश्न येतात. आडनावाने जे कळत नाही ते यातून कळते, आणि कांबळे किंवा बनसोडे असेल तर विचारायचीही गरज पडत नाही. त्यानंतर ग्रुप प्रोजेक्टला कुणी घेत नाही. लॅबमध्ये जर्नलवर सही सगळ्यात शेवटी. तोंडी परीक्षेत आधी नाव, मग गाव, मग 'वडील काय करतात?' यातली एकही गोष्ट पोलीस ठाण्यात जाऊन सांगण्यासारखी नसते. ती रोज थोडी थोडी होते, आणि दोन वर्षांत पोराचा आवाज बसतो.

आता ठरलेला आक्षेप येईल : ताण तर सगळ्यांनाच आहे, प्रत्येक ठिकाणी जात कशाला आणता? ताण सगळ्यांना आहे हे मी मान्यच करते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्याच्या पाहणीत पदवीच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्के जणांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. यात सगळ्या जातींची मुले आहेत, त्यांचे दुःख खोटे नाही. रेसिडेंट डॉक्टरला ३६ तास उभे ठेवणारी पद्धत सगळ्यांचाच जीव काढते. पण पाऊस सगळ्या गावावर पडतो आणि पत्रा ज्याचा फुटका त्याच्याच घरात पाणी येते. ज्याचे मामा, काका, आत्या डॉक्टर आहेत, त्याला नापास झाल्यावर 'अरे, माझाही सेकंड इयरला विषय राहिला होता' असे सांगणारे कुणीतरी घरात असते. आमच्या मुलाच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला तोच पहिला. त्याचा विषय राहिला तर घरच्यांना त्याचा अर्थही समजत नाही आणि तो समजावूनही सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप जरा दबक्या आवाजात येतो. आरक्षणाने आत येतात, झेपत नाही, मग ताण येतो. खाजगी मेडिकल कॉलेजात संस्थात्मक आणि एनआरआय कोट्यातून पैशाच्या जोरावर आत आलेल्यांना 'तुला झेपेल का' असे कुणी विचारल्याचे मी तरी ऐकले नाही. गुणवत्तेची काळजी फक्त एकाच दाराशी उभी असते.

मी सामाजिक काम करते, त्यामुळे पोरींचे फोन येतात. एक प्रसंग सांगते, नाव-गाव नको. जिल्ह्यातल्या एका तालुक्याची मुलगी, वडील हमाल, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. जेवण जात नव्हते, झोप नव्हती, परीक्षेच्या आधी हात थरथरायचे. कॉलेजने तिला समुपदेशनाला पाठवले. समुपदेशक म्हणजे तिथल्याच एक मॅडम, ज्यांच्याकडे हा अतिरिक्त कार्यभार होता आणि तिच्या एका विषयाचे इंटर्नलचे गुणही होते. त्यांनी तिला सांगितले, 'तू ओव्हरथिंकिंग करतेस.' आम्ही दोघी चहा घेत बसलो, तेव्हा तासाभराने खरी गोष्ट बाहेर आली. नोटीस बोर्डावर फी बाकी असलेल्यांची यादी लावली होती. यादीत जवळजवळ सगळी नावे शिष्यवृत्तीवाल्यांची, कारण शिष्यवृत्तीचे पैसे आलेच नव्हते. म्हणजे ती यादी फीची नव्हतीच, ती जातीची यादी होती, कॉलेजच्या शिक्क्यासह. त्या दिवसापासून ही मुलगी मैत्रिणींबरोबर डबा खात नव्हती.

यामागचा व्यवहार नीट समजून घ्या, कारण व्याख्यानवाल्यांना तो माहीत नसतो. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्यावसायिक कोर्स असेल तर जात पडताळणी, बोनाफाईड, आधारला जोडलेले बँक खाते. एका कागदावर नावाची वेलांटी चुकली की अर्ज मागे. २०२१ पासून अनुसूचित जातींच्या योजनेतला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो, आणि त्याने तो कॉलेजला भरायचा. ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात शासनाची उधारी शासन आणि कॉलेज यांच्यातली होती, ती आता १९ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर आली. पैसे उशिरा येतात शासनाचे आणि हॉल तिकिटासाठी ऑफिसच्या खिडकीशी हात जोडून उभा राहतो तो. त्यात घरी कुणी आजारी पडले आणि त्या पैशातले दहा हजार दवाखान्यात गेले, की तो पोरगा स्वतःच्या नजरेत चोर ठरतो. वर्ष गेले तर शासकीय वसतिगृहातली जागाही धोक्यात. या पोराला श्वासावर लक्ष द्यायला सांगायचे?

सोलापूरकरांना एक जुनी गोष्ट आठवून देते. मुंबईत २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, बाबासाहेबांच्या या सभेने हायस्कूलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह काढले ते आपल्या सोलापुरात. व्यवस्था जिवप्पा ऐदाळे यांच्याकडे होती. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा खर्च सभा करायची. सोलापूर नगरपालिका महिन्याला ४० रुपये मदत द्यायची. शंभर वर्षे उलटली या गोष्टीला. त्या शताब्दीचा फ्लेक्स मला शहरात कुठे दिसला नाही, पण ते असो.

मुद्दा हा की सभेला नुकताच जन्म मिळाला होता, हातात पैसा नव्हता, तरी पहिल्या काही कामांतले एक काम वसतिगृह होते. भाषणांनी मुलांचे मनोबल वाढवता आले असते. पण ज्या माणसाने शाळेत वेगळे बसण्यापासून सगळे भोगले होते, त्याला माहीत होते की पोराला आधी छप्पर हवे, दोन वेळची भाकरी हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आपल्यासारखी चार पोरे सोबत हवीत. वसतिगृह म्हणजे नुसती खोली नव्हे. रात्री साडेदहाला 'मलाही आज सरांनी तसेच बोलले' असे सांगणारा शेजारी तिथे भेटतो. त्या एका वाक्याने पोराला कळते की खोट त्याच्यात नाही. हे काम कोणतेही व्याख्यान करू शकत नाही. आज शासकीय वसतिगृहात जागा अपुऱ्या, ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना, आणि स्वाधारचे पैसे वर्ष सरत आले तरी खात्यावर नाहीत अशा तक्रारी दरवर्षी ऐकू येतात. पोरे भाड्याच्या खोल्यांत विखुरली. आणि खोली शोधताना घरमालक पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे पुण्यात शिकलेल्या आपल्या प्रत्येकाला माहीत आहे.

थोडे आपल्या घरातलेही बोलू, राग आला तर येऊ द्या. जयंतीला आपण '१८ तास अभ्यास' उपक्रम घेतो. उपक्रम चांगला आहे. पण बाबासाहेबांचे १८ तास आपण पोरांच्या पाठीवर चाबकासारखे वापरायला लागलो आहोत. 'बाबासाहेबांनी दिव्याखाली केले, तुला लाईट, पंखा, मोबाईल आहे, तरी विषय कसा राहिला?' हेच बाबासाहेब १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले तेव्हा झाडाखाली बसून रडले होते. ते आपण पोरांना सांगतो का? १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला ते लंडनला निघाले, तेव्हा नवल भथेना या मित्राने ५ हजार रुपये उसने दिले आणि शाहू महाराजांनी मदत केली. एकट्याच्या जिद्दीवर तेही गेले नाहीत. पोराला समाजाचे ऋण फेडायला सांगा, जरूर सांगा, पण पहिल्याच वर्षाला त्याच्याकडून हप्ता वसूल करू नका.

आणि औषधोपचारांबद्दल गैरसमज नको. माझे म्हणणे असे अजिबात नाही की सगळे व्यवस्थेमुळे आहे म्हणून डॉक्टरकडे जाऊ नका. नैराश्य हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, ते घेण्यात कमीपणा नाही. झोप, जेवण गेले, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला तर सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, १४४१६ हा शासनाचा टेलिमानस क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते. 'वेडा म्हणतील' म्हणून लेकराला बाबा-बुवाकडे नेणारे नवबौद्ध घर मी पाहिले आहे, आणि २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या होत्या. काटा काढताना पायाला मलम लावावेच लागते. पण मलम लावणाऱ्याने वाटेवर काटे टाकणाऱ्याचे नाव झाकू नये.

काटे टाकणाऱ्यांसाठी कायदे आहेत. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ सालचा. दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. त्यातले एक कलम मात्र कुणी फलकावर लावत नाही : तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने कारवाई केली नाही, तर त्याने रॅगिंगला साहाय्य केले असे कायदा मानतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले आहे. हे कागदावरच राहिले म्हणून रोहित वेमुलाची आई राधिका आणि पायलची आई आबेदा २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या लढ्यातून १३ जानेवारी २०२६ रोजी आयोगाचे नवे नियम आले. लगेच उच्चवर्णीयांची आंदोलने सुरू झाली, गैरवापर होईल म्हणून ओरड झाली, आणि २९ जानेवारीला स्थगिती मिळाली. दोन आयांनी सात वर्षे झिजून आणलेले नियम १६ दिवस टिकले. 'गैरवापर' हा शब्द ॲट्रॉसिटी कायद्याच्या वेळेपासून आपल्या ओळखीचा आहे. वापर होण्याआधीच गैरवापराची भीती ज्यांना वाटते, त्यांची अस्वस्थता समजण्यासारखी आहे!

समुपदेशकाचेही बघू. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. पात्र, म्हणजे त्या विषयात शिकलेला. इंटर्नलचे गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यापुढे कोणता विद्यार्थी तोंड उघडेल? आणि नेमलेल्याला जात म्हणजे काय हे कळत नसेल, तर तो पोराच्या जखमेलाही 'ओव्हरथिंकिंग' म्हणेल.

तेव्हा या १० ऑक्टोबरला व्याख्यानाला टाळ्या वाजवायला जाऊ नका. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कॉलेज शासकीय किंवा अनुदानित असेल तर थेट कॉलेजकडे, विनाअनुदानित असेल तर विद्यापीठाकडे आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. भेदभावविरोधी अधिकारी कोण आहेत आणि गेल्या तीन वर्षांत त्यांच्याकडे किती तक्रारी आल्या? रॅगिंगविरोधी समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, इतिवृत्ताची प्रत द्या. समुपदेशकाची शैक्षणिक पात्रता काय, आणि तीच व्यक्ती विद्यार्थ्यांना शिकवते किंवा गुण देते का? शिष्यवृत्तीधारक किती विद्यार्थ्यांचे निकाल, हॉल तिकीट किंवा दाखले फीसाठी अडवले? किती विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून गेले, प्रवर्गनिहाय सांगा.

तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर आले तर मला पाठवा, नाही आले तरी पाठवा. अपील कसे करायचे ते बुधवार पेठेतल्या अभ्यासिकेत दर रविवारी संध्याकाळी बसून लिहून देऊ.

जय भीम.